जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलावी काय?

‘माझा लॅपटॉप फारच हळू झालाय गं. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवू का?’ हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला दहा-बारा जणींनी तरी विचारला असेल. मी मराठी विषय घेऊन एम. ए. करणारी, संगणकशास्त्राशी माझे नाते वापरण्यापुरतेच. परंतु थोरल्या भावाने वापरून दिलेला लॅपटॉप मी स्वतः उघडला व त्यातील डिस्क बदलली, ही वार्ता वर्गात पसरली आणि त्या दिवसापासून मी या विषयातील जाणकार ठरले. प्रत्येकीला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून काढावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. प्राध्यापक-कक्षातूनही एक-दोन विचारणा झाल्या आहेत, म्हणून थोडे धाडस केले इतकेच.

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा लॅपटॉप मामाने, भावाने वापरून दिलेला किंवा कोणाकडून तरी जुना विकत घेतलेला असतो. त्यातच लघुप्रबंध असतो, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण असते, घरच्या लग्नाची छायाचित्रे असतात. नव्या डिस्कला लागणारे पैसे आणि मेसचे महिन्याचे पैसे यांत फारसे अंतर नसते. हे पैसे कारणी लागले तर उत्तम. पण बदल करूनही लॅपटॉप पूर्वीइतकाच रेंगाळत राहिला, तर तो महिना जड जातो. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवावी लागते : आपण लॅपटॉपपुढे बसून वाट पाहतो, ती नेमकी कशाची?

सोलापूरकराला हे समजावून सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शहराच्या पूर्व भागात चादरीच्या एखाद्या जुन्या कारखान्यात डोकावले, तर मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची लांबच लांब माळ फिरताना दिसते. हेच ते जकार्ड. फ्रान्समधील लियों शहराच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही रचना. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक फेर. पट्टीवर जेथे भोक असते तेथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला आकडा वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे धागे वर येतात. भोक नसेल तेथील धागे खालीच राहतात. सोलापुरी चादरीवरचा मोर आणि वेलबुट्टी ही सगळी या भोकांत ‘लिहिलेली’ असते. पट्ट्यांची माळ ही मागाची स्मृतीच म्हणायची. पुढे अशीच भोके पाडलेली कार्डे हर्मन हॉलेरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत माणसे मोजण्यासाठी वापरली आणि तेथून ती संगणकात गेली. आपल्या चादरीचे आणि संगणकाचे नाते असे जवळचे आहे.

१९८३ साली इटलीतील मिलान येथील यंत्रप्रदर्शनात बोनास या ब्रिटिश कंपनीने इलेक्ट्रॉनिक जकार्ड मांडले. पुठ्ठ्याच्या पट्ट्या गेल्या आणि नक्षी विजेच्या संकेतांनी मागाला कळू लागली. आमच्या शेजारी एक काका आहेत. त्यांचे चादरीचे माग आहेत. ‘काका, तुम्ही इलेक्ट्रॉनिक जकार्ड का नाही घेतलं?’ असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, ‘अगं, माझा माग जुना, धोट्याचा. मिनिटाला मारतो तेवढेच फेरे मारणार. त्याच्या डोक्यावर कॉम्प्युटर बसवला म्हणून धोटा काय जास्त पळणार हाय का? ज्याला दर आठवड्याला नवं डिझाइन काढायचंय, त्याचा वेळ पट्ट्या पाडण्यात जातो. त्यानं घ्यावं की. मला वर्षानुवर्षं तोच मोर काढायचाय.’

काकांचा माग धोट्याची वाट पाहतो, पट्ट्यांची नव्हे. लॅपटॉपच्या बाबतीत बहुधा याच्या उलट असते. तेथे धोटा पुरेसा चपळ असतो आणि पट्ट्याच वेळेवर येत नाहीत. असे का होते, ते पाहू.

संगणकात हिशेब करणारा भाग वेगळा आणि साठवणारा भाग वेगळा. हिशेब करणारा तो प्रोसेसर. त्याच्या हाताशी एक छोटे पाटीसारखे ठिकाण असते, ती रॅम. वीज गेली की पाटी पुसली जाते. कायमचे साठवायचे ते डिस्कवर. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच्या गोल तबकड्या असतात. त्या अखंड फिरत असतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडी ग्रामोफोनच्या सुईसारखी मागेपुढे सरकते. फरक एवढाच की ही सुई तबकडीला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर राखून ती तरंगते. आयबीएमने १९५६ साली अशी पहिली यंत्रणा बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही त्यात मावले नसते. तबकड्या लहान झाल्या, त्यांतील जागा अफाट वाढली. पण फिरणे आणि सरकणे काही सुटले नाही.

दुखणे आहे ते येथेच. लॅपटॉपमधील सर्वसाधारण हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीस सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा दांडीखाली येण्यासाठी सरासरीने अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी दांडीला योग्य वर्तुळावर सरकायला साधारण १२ मिलिसेकंद. एकूण झाले साडेसतरा. ऐकायला हे काहीच नाही. परंतु लॅपटॉप सुरू होताना एक मोठी फाइल वाचली जात नाही, इतस्ततः विखुरलेले हजारो छोटे तुकडे वाचले जातात. समजा असे २०,००० तुकडे वाचायचे आहेत. साडेसतरा मिलिसेकंदांच्या हिशेबाने जवळजवळ सहा मिनिटे होतात! एसएसडीमध्ये तबकडी नाही, दांडी नाही. सारी माहिती चिपांत असते आणि कोणताही तुकडा साधारण एक दशांश मिलिसेकंदात हाती येतो. तेच २०,००० तुकडे दोन सेकंदांत. अर्थात प्रोसेसरलाही स्वतःचे काम असतेच, त्यामुळे लॅपटॉप दोन सेकंदांत सुरू होत नाही. पण अर्ध्या मिनिटात होतो.

जाहिरातीत मात्र हा मुद्दा क्वचितच आढळतो. तेथे मोठ्या अक्षरांत ‘सेकंदाला ५०० एमबी’, ‘सेकंदाला ३,५०० एमबी’ असे आकडे असतात. हे आकडे खोटे नसतात. पण ते एकच भलीमोठी फाइल सलग वाचण्याचे असतात. जुनी हार्ड डिस्कही सलग वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जाते. म्हणजे सलग वाचनात फरक पाचपट, आणि विखुरलेल्या वाचनात शंभरपटीहून अधिक. आपल्याला रोज जाणवतो तो दुसरा फरक. ज्यांच्याकडे आधीच साधी एसएसडी आहे त्यांनी आणखी वेगवान एनव्हीएमई एसएसडीसाठी पैसे खर्चू नयेत, असे मी सांगते ते याच कारणाने. निबंध लिहिणे, पीडीएफ वाचणे, व्याख्यान पाहणे या आपल्या कामांत तो फरक डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही.

आता परीक्षा कशी घ्यायची ते सांगते. विंडोज असेल तर लॅपटॉप सुरू करून पाचेक मिनिटे थांबावे, नेहमीचे काम उघडावे आणि तो अडखळू लागला की कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ या सदराखाली सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे शेजारी शेजारी दिसतात. डिस्क १०० टक्के आणि सीपीयू दहा-वीस टक्क्यांवर निवांत बसलेला असेल, तर निदान झाले : प्रोसेसर डिस्कची वाट पाहतो आहे. सीपीयूच १०० टक्क्यांवर असेल, तर नवी डिस्क घालून उपयोग नाही. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही १०० टक्के असेल, तर थोडे थांबून विचार करावा. पाटी भरली की संगणक तिच्यावरचा मजकूर डिस्कवर उतरवून ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. त्यामुळे दोष रॅमचा असून डिस्क गुन्हेगार दिसते. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपमध्ये हे हमखास घडते. अशा वेळी रॅम वाढवता येत असेल तर ती आधी वाढवावी. एसएसडीनेही आराम पडतो, पण तो दुखणे झाकणारा.

या परीक्षेत न दिसणारी दुखणीही आहेत. शोधगंगेवरून उतरवलेला एखादा जुना प्रबंध पाने उलटताना अडकतो. त्याची पाने छायाचित्रांसारखी असतात आणि ती पडद्यावर रंगवण्याचे काम प्रोसेसरचे असते. संकेतस्थळ उघडायला वेळ लागतो तो इंटरनेटमुळे. आणि आपल्या सोलापूरचे खास दुखणे म्हणजे उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, लॅपटॉपच्या पंख्यात वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते, वर आपण तो गादीवर ठेवून वापरतो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. सकाळी बरा चालणारा लॅपटॉप दुपारी तीनला मान टाकत असेल, तर आधी पंखा साफ करून घ्यावा. त्याला लागणारे पैसे नव्या डिस्कच्या मानाने नगण्य आहेत.

निदान डिस्कचेच निघाले, तर पुढचा प्रश्न : लॅपटॉपला ती बसते का? साधारण २०१२ ते २०१९ या काळात आलेल्या बहुतेक लॅपटॉपांत अडीच इंची हार्ड डिस्क असते आणि तिच्या जागी त्याच आकाराची सॅटा एसएसडी सरळ बसते. काही नव्या लॅपटॉपांत च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी लागते. तिच्यातही सॅटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असून एकाची जागा दुसऱ्याला चालेलच असे नाही. म्हणून दुकानात लॅपटॉपचा नेमका मॉडेल क्रमांक घेऊन जावे. अगदी स्वस्त, बारीक लॅपटॉपांपैकी काहींत ३२ किंवा ६४ जीबीची चिप मूळ पट्टीवरच झाळलेली असते. ती बदलता येत नाही. अशांसाठी या लेखाचा उर्वरित भाग निरुपयोगी आहे, त्यांची क्षमा मागते.

बसत असेल तरी बसवावी का, हा खरा निवडीचा भाग. येथे वयाचा प्रश्न येतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीचा वा त्यापुढील प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१५-१६ सालचा लॅपटॉप एसएसडी घालून कितीही चपळ केला, तरी त्यावर विंडोज ११ रीतसर येत नाही. मग पैसे घालावेत का? माझे मत असे की लॅपटॉपची बॅटरी, बिजागरी आणि कळफलक धड असतील तर घालावेत, आणि त्यावर लिनक्स चालवावे. माझा लॅपटॉप २०१५ सालचा आहे. पूर्वी बटण दाबल्यापासून लिहायला सुरुवात करीपर्यंत चार मिनिटे जात; मी तेवढ्यात चहा ठेवून येत असे. एसएसडी बसवली, रॅम ४ ची ८ जीबी केली आणि लिनक्स मिंट घातले. आता अर्ध्या मिनिटात काम सुरू होते. देवनागरी युनिकोड त्यावर उत्तम चालते. ज्यांना मुद्रणालयासाठी श्रीलिपीसारख्या विंडोजवर चालणाऱ्या प्रणालीत मजकूर जुळवावा लागतो, त्यांना मात्र हा मार्ग सोयीचा नाही. त्यांनी विंडोज ११ घेऊ शकणाऱ्या यंत्रावरच पैसे लावावेत.

बिजागरी तुटलेली, बॅटरी पाच मिनिटांची, पडद्यावर रेषा, अशा लॅपटॉपवर मी एक पैसाही घालणार नाही. अर्थात एसएसडीवर केलेला खर्च लॅपटॉपबरोबर बुडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. लॅपटॉप मोडला तरी ती काढून दुसऱ्यात बसवता येते, किंवा लहानशा केसिंगमध्ये घालून बाहेरून जोडता येते. रॅमचे तसे नाही. ती पिढीगणिक बदलते. किमतींविषयी मी आकडे देत नाही, कारण २०२५ च्या अखेरीपासून स्मृतिचिपांचे भाव जगभर चढले आणि अंक हाती पडेपर्यंत माझा आकडा शिळा व्हायचा. नवी पेठेत दोन-तीन ठिकाणी विचारावे, बिल आणि हमीपत्र घ्यावे.

किती मोठी घ्यावी, यावर उगाच वाद होतात. आपल्या लेखनाला २५० जीबी पुरते. छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे पुष्कळ असतील तर ५०० जीबी. केवळ जागा कमी पडते म्हणून कोणी डिस्क बदलू पाहत असेल, तर त्याने बाहेरून जोडायची साधी हार्ड डिस्क घ्यावी. चित्रपट ठेवायला एसएसडीचा वेग वाया घालवण्यात अर्थ नाही. एक गैरसमज जाता जाता दूर करते. ५०० जीबीची डिस्क घरी आणून लावली की विंडोज ४६५ जीबी दाखवते आणि दुकानदाराने फसवले असे वाटते. तो बिचारा निर्दोष असतो. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते. विंडोज दोनाच्या घातांनी मोजते, तेव्हा तिचा जीबी १०७ कोटींहून थोडा मोठा असतो. माप बदलले, माल तितकाच.

‘एसएसडी लिहून लिहून झिजते म्हणे’, हा आक्षेप आमच्या एका सरांनी घेतला होता. खरे आहे, झिजते. पण ५०० जीबीच्या अनेक एसएसडींना उत्पादक ३०० टीबीच्या आसपास लेखनाची हमी देतात. स्वस्त मालाला याहून कमी. दररोज २० जीबी लिहिले तरी ३०० टीबी भरायला १५,००० दिवस लागतील, म्हणजे ४१ वर्षे. एवढे मराठी वाङ्मय आमच्याकडून लिहून व्हायचे नाही. खरी भीती दुसरीच आहे. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी बहुधा कण्हते. टकटक आवाज करते, फाइली उघडायला रुसते. एसएसडी सकाळी चालू असते आणि संध्याकाळी मुकाट्याने गेलेली असते. तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणेही फार अवघड. शिवाय वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर तिच्यातील माहिती हळूहळू विरू शकते. तेव्हा दप्तरखाना म्हणून एसएसडी वापरू नये.

दुसऱ्या बाजूने, अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून रोज एसटीने येणाऱ्यांचा विचार करा. लॅपटॉप नीट बंद न करता नुसताच मिटून पिशवीत टाकायचा आणि मागच्या आसनावर बसून खड्डे मोजत यायचे, हा आपला नित्यक्रम. तबकडी फिरत असताना बसलेला एक हिसका त्या तरंगत्या दांडीला पुरतो. ज्यांच्या हार्ड डिस्कने टकटक सुरू केली आहे, त्यांच्यासाठी बदलावे की नाही हा प्रश्नच उरत नाही. त्यांनी हा लेख येथेच ठेवून आधी लघुप्रबंधाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाची एक मोफत प्रणाली डिस्कची प्रकृती सांगते. तिने पिवळी वा लाल खूण दाखवली तरी हेच करावे.

बदल करण्याचे काम अवघड नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवता येते. त्याला क्लोन करणे म्हणतात. सारे नव्याने बसवले तर अधिक बरे, कारण जुन्यातला कचरा बरोबर येत नाही. दुकानदाराकडून करून घेणार असाल, तर लॅपटॉप देण्यापूर्वी आपल्या फाइली स्वतः दुसरीकडे उतरवून घ्या आणि जुनी डिस्क परत मागा. ती तुमची आहे. केसिंगमध्ये घातली की दुसरी प्रत ठेवायला ती उत्तम, प्रकृती धड असेल तर. भंगारात द्यायची झाल्यास नुसते ‘डिलीट’ करून देऊ नका. त्यात आधार कार्डाच्या प्रती आणि बँकेची कागदपत्रे असतात. पूर्ण पुसावी, किंवा उघडून तबकडीवर सरळ हातोडा घालावा.

स्वतः करणार असाल, तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढावी, आणि हात एखाद्या धातूच्या वस्तूला लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. खालचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर वरचे आवरण फुटते. म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या त्या जागी तो तो स्क्रू टोचून ठेवावा. नवी एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते, तर काही जुन्या लॅपटॉपांतील जागा साडेनऊ मिलिमीटरची. ती आत हलू नये म्हणून प्लॅस्टिकची एक चौकट लागते. कधी ती एसएसडीबरोबर येते, कधी नाही. मला मिळाली नव्हती. मी जाड पुठ्ठा कापून बसवला आहे आणि तो अजून जागचा हललेला नाही.